कांदा कोणाच्या यादीत?



गावातल्या पोरांनी निवेदन तयार केलंय. मागण्या नऊ. कांदा निर्यातीला कायमची मोकळीक द्या, उसाची एफआरपी एकरकमी द्या, रानडुकरांचा बंदोबस्त करा, दिवसा वीज द्या, खताबरोबरचं लिंकिंग बंद करा, अतिवृष्टीचं अनुदान वाढवा, पीक विमा वेळेत द्या, कर्जमाफी करा आणि पाणंद रस्ता मोकळा करून द्या. सगळं एकाच कागदावर, आणि वर पत्ता एकच, मा. तहसीलदार साहेब. माझ्याकडं सहीला आणलं तेव्हा मी विचारलं, यातलं तहसीलदाराच्या हातात किती आहे रे? पोरगं म्हणलं, "काका, सरकार ते सरकार. कागद वर जाईल ना!"

सही केली. पण "सरकार ते सरकार" हे काही मला पटत नाही. या नऊपैकी तहसीलदार स्वतःच्या सहीनं निकाली काढू शकतो अशी मागणी एकच, ती रस्त्याची. बांधावरून वाट द्यायचा अधिकार जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली तहसीलदाराला आहे, आणि असलेली वाट कोणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली. बाकी आठ मागण्यांपैकी काही मुंबईच्या, काही दिल्लीच्या, आणि काही अशा की दोघंही एकमेकांकडं बोट दाखवतात. आजची नोंद त्यावरच. कीड-रोगाची नाही, पण या दुखण्यानं पिकाचं नुकसान कीड-रोगापेक्षा कमी होत नाही.

माझं शिक्षण दहावी. राज्यघटनेची मराठी प्रत मुलाच्या स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत घरी आली, मुलगा नोकरीला लागला, पुस्तक माझ्याकडं राहिलं. सगळं वाचावं असं ते पुस्तक नाही, झोप येते. पण मागची सातवी अनुसूची प्रत्येक शेतकऱ्यानं एकदा वाचावी. तिथं तीन याद्या आहेत. संघ सूची म्हणजे केंद्राचे विषय, राज्य सूची म्हणजे राज्याचे, आणि समवर्ती सूची म्हणजे दोघांचे. घटना लागू झाली तेव्हा अनुक्रमे ९७, ६६ आणि ४७ नोंदी होत्या. जमिनीच्या वाटपपत्रासारखं आहे हे. थोरल्याला काय, धाकट्याला काय आणि सामाईक विहीर कोणती. ज्यांच्या घरात वाटण्या झाल्यात त्यांना पुढचं सांगायला नको. वाटून दिलेल्या रानावरनं फारसं वाजत नाही, सामाईक विहिरीवरनं वाजतं.

राज्य सूचीत नोंद १४ शेतीची. शेती, शेतीचं शिक्षण आणि संशोधन, किडींपासून संरक्षण, पिकांच्या रोगांना प्रतिबंध, हे सगळं राज्याचं. नोंद १८ जमिनीची. नोंद २८ बाजार आणि जत्रांची, म्हणजे आपली बाजार समिती. नोंद ३० सावकारी आणि शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणाच्या निवारणाची. शेतीच्या उत्पन्नावर कर लावायचा तर तोही राज्यानं, नोंद ४६. पाणी नोंद १७ मध्ये, पण नदी दोन राज्यांतून वाहत असेल तर तिच्यावर केंद्राची नोंद ५६ येते. एवढं वाचलं की माणसाला वाटतं, झालं, शेती सगळी मुंबईची.

मग संघ सूची उघडायची. नोंद ४१, परदेशाशी व्यापार, आयात आणि निर्यात. नोंद ८३, सीमाशुल्क, त्यात निर्यात शुल्कही आलं. म्हणजे कांदा वाफ्यात असेपर्यंत राज्याच्या यादीत, मार्केट यार्डात लिलाव होईपर्यंतही बऱ्यापैकी राज्याच्या यादीत, आणि कंटेनर बंदरात गेला की केंद्राच्या. पिकवायचं राज्यात आणि भाव ठरायचा दुसऱ्याच यादीतून. आपल्या भागात कांद्याचा भाव निर्यातीवर हलतो हे लिलावात उभा राहणारा कोणीही सांगेल.

आणि सामाईक विहीर म्हणजे समवर्ती सूचीतली नोंद ३३. तिचा इतिहास थोडा सांगतो, कारण कृषी पदवीच्या पोरांनाही तो माहीत नसतो. घटना लागू झाली ते टंचाईचे, रेशनचे दिवस होते. म्हणून घटनेतच अनुच्छेद ३६९ टाकून संसदेला पाच वर्षांसाठी तात्पुरता अधिकार दिला होता, की धान्य, तेलबिया, कापूस, चारा असल्या मालाच्या राज्यातल्या व्यापारावरही केंद्रानं कायदे करावेत. पाच वर्षं संपत आली तेव्हा तो अधिकार सोडवेना. मग १९५४ ची तिसरी घटनादुरुस्ती आली आणि तात्पुरतं होतं ते नोंद ३३ मध्ये कायमचं झालं. अन्नधान्य, खाद्य तेलबिया, पशुखाद्य, कच्चा कापूस, कच्चा ताग, यांचं उत्पादन, पुरवठा, वाटप आणि व्यापार दोघांचा विषय. लगेच १९५५ ला अत्यावश्यक वस्तू अधिनियम आला. आज साठा मर्यादा, खत नियंत्रण आदेश, ऊस नियंत्रण आदेश जे काही आपल्या कानावर पडतं ते सगळं या एका कायद्याच्या पोटातनं निघालेलं आहे. आणि समवर्ती विषयात केंद्राचा कायदा आणि राज्याचा कायदा आमनेसामने आले तर केंद्राचा चालतो, अनुच्छेद २५४. राष्ट्रपतींची संमती घेतली असेल तर राज्याचा त्या राज्यापुरता टिकू शकतो, पण तो अपवाद.

आता कांद्याचा हिशोब तारखांसकट सांगतो, वहीत लिहून ठेवलेला आहे.

सप्टेंबर २०१९ ला निर्यातबंदी, ती उठली मार्च २०२० मध्ये. पुन्हा १४ सप्टेंबर २०२० ला बंदी, उठली १ जानेवारी २०२१ ला. मग १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क. ऑक्टोबर २०२३ अखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य. त्यानंही भागलं नाही म्हणून ७ डिसेंबर २०२३ ची अधिसूचना आणि ८ तारखेपासून सरळ बंदी, आधी ३१ मार्च २०२४ पर्यंत म्हणून, मग मार्चमध्ये ती पुढं ढकलली. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. १३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ ला शुल्क शून्य. पाच वर्षांत तीन बंद्या, आणि यातल्या एकाही कागदावर राज्य सरकारची सही नाही, कारण ती लागतच नाही.

डिसेंबरची तारीख एवढ्यासाठी बोचते की तेव्हा मार्केटला लाल कांदा असतो. उन्हाळ कांदा चाळीत टाकून माणूस दोन-चार महिने वाट बघू शकतो. लाल कांद्याला ती सोय नाही. पाणी जास्त, पापुद्रा कमी, काढला की आठ-पंधरा दिवसांत विकायचाच, नाहीतर मोड. माझ्या वहीत ६ डिसेंबरची पट्टी ३,३५० रुपयांची आहे आणि १४ डिसेंबरची १,७०० ची. रान तेच, बी तेच, गाडीभाडं तेच. उरलेला माल मागं ठेवता आला असता तर ठेवलाच असता.

त्या आठवड्यात तालुक्यात रास्ता रोको झाले. निवेदन घ्यायला प्रांत आले, पोलीस आले, आमदार येऊन गेले. सगळे भले लोक, पण तिथं आलेल्यांपैकी एकाकडंही त्या अधिसूचनेतला शब्द बदलायचा अधिकार नव्हता. परदेशी व्यापाराचा १९९२ चा कायदा आहे, त्याखाली केंद्राचं वाणिज्य मंत्रालय विदेश व्यापार महासंचालनालयामार्फत अधिसूचना काढतं. शुल्क असेल तर अर्थ मंत्रालय. आणि मागून दाब असतो तो ग्राहक व्यवहार मंत्रालयाचा, कारण किरकोळ भावावर नजर ठेवायची, भाव स्थिरीकरण निधीतून नाफेड आणि एनसीसीएफकडून कांदा उचलायचा हे काम त्यांचं. म्हणजे तीन मंत्रालयं, पण त्यांच्या टेबलाभोवती कृषी खात्याला फारशी खुर्ची नाही. शेती राज्याची ना!

मग राज्य काय करू शकतं? २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये भाव पडला तेव्हा राज्यानं क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं होतं, एका शेतकऱ्याला २०० क्विंटलपर्यंत, १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेल्या मालासाठी. सातबाऱ्यावर कांद्याची नोंद पाहिजे ही अट. ज्यांची पीक पाहणी झालेली नव्हती त्यांनी किती चपला झिजवल्या ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. राज्याच्या हातात तिजोरी आहे, तलाठी आहे, पण बंदराची चावी नाही. भाव पडल्यावर मलम लावायचा अधिकार राज्याचा, जखम होऊ न देण्याचा दुसऱ्याचा.

आता कोणी म्हणेल, मग निर्यातीचा अधिकार राज्याला द्या. मला ते पटत नाही. उद्या गुजरात म्हणेल आमचा पांढरा कांदा जाऊ द्या, महाराष्ट्र म्हणेल आमचा लाल, कर्नाटक म्हणेल आमचा बंगळुरू रोझ. परदेशातला खरेदीदार मग एका राज्याला दुसऱ्यावर घालील आणि भाव पाडील. (एप्रिल २०२४ मध्ये बंदी चालू असताना फक्त गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी निघाली तेव्हा नाशिक-नगरकडं केवढा भडका उडाला होता. तो तर एकाच सरकारचा निर्णय होता.) देशाची सीमा एक, जकात नाका एक, हे बरोबरच आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. ज्या राज्यात ते पीक होतं त्या राज्याला निर्णयाआधी विचारायची काही रीत घटनेत नाही, कायद्यात नाही. जीएसटीला बघा. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीनं जीएसटी परिषद केली, अनुच्छेद २७९क. तिथं केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि ठराव व्हायला तीन चतुर्थांश मतं लागतात. म्हणजे केंद्र एकटं काही करू शकत नाही आणि केंद्राला वगळूनही काही होत नाही. कर गोळा करायला एवढा विचार झाला. कांदा, साखर, तांदूळ, डाळ यांच्या आयात-निर्यातीसाठी तशी बैठक का असू नये? निर्णय केंद्राचाच राहू द्या, पण महाराष्ट्राच्या कृषिमंत्र्याला पंधरा दिवस आधी विचारलं, आणि पेरणीच्या वेळी सांगितलं की या हंगामात शुल्क इतकंच राहील, तर रोप किती टाकायचं ते आम्ही ठरवू.

साठा मर्यादेचीही गंमत सांगतो. आदेश केंद्राचा, अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली. पण व्यापाऱ्याचं गोडाऊन तपासायला जातो तो राज्याचा पुरवठा खात्याचा माणूस. २०१९ ला कांद्यावर किरकोळ विक्रेत्याला १०० क्विंटल आणि घाऊक व्यापाऱ्याला ५०० क्विंटल अशी मर्यादा होती. ५०० क्विंटल म्हणजे दोन मोठ्या ट्रकचा माल. त्यापुढं व्यापारी खरेदीच करणार नाही, मग लिलावात बोली कोण लावणार? धाड पडते व्यापाऱ्यावर आणि भाव पडतो आपला.

उसाचं प्रकरण त्याहून शिकण्यासारखं आहे. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा, केंद्राचा. २००९ पासून त्यात एफआरपी आली, त्याआधी एसएमपी होती. कृषिमूल्य आयोग शिफारस करतो, केंद्रीय मंत्रिमंडळाची समिती दर ठरवते. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे, नाहीतर वर्षाला १५ टक्क्यानं व्याज, हेही त्याच आदेशात. पण गाळप परवाना राज्याचा साखर आयुक्त देतो, थकवलं तर जप्तीचा आदेश तोच काढतो आणि वसुली जिल्हाधिकारी करतो. म्हणजे दर दिल्लीत, काठी पुण्यात.

आता राज्यानं काय केलं, २१ फेब्रुवारी २०२२ ला शासन निर्णय काढला की पहिला हप्ता विभागवार ठरवलेल्या उताऱ्यावर द्यायचा आणि उरलेले पैसे हंगाम संपून अंतिम उतारा निघाला की. कारखान्यांचं म्हणणं असं की मागच्या वर्षीच्या उताऱ्यावर पैसे देऊन बसलो आणि यंदा उतारा घटला तर काय करायचं. म्हणणं अगदीच चुकीचं नाही. पण शेतकऱ्याच्या हातात १४ दिवसांत पडायची रक्कम तुकड्यांत गेली. माजी खासदार राजू शेट्टी उच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो शासन निर्णय रद्द केला. मुद्दा साधा होता. केंद्राच्या आदेशात जे लिहिलंय ते राज्य शासन निर्णय काढून बदलू शकत नाही.

दुसरीकडं उत्तर प्रदेश बघा. तिथं राज्य सरकार स्वतःचा दर जाहीर करतं, त्याला एसएपी म्हणतात, तो एफआरपीपेक्षा जास्त असतो. पंजाब, हरियाणातही तेच. कारखानदार कोर्टात गेले की दर ठरवायचा अधिकार केंद्राचा असताना राज्य मध्ये कसं काय येतं? एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं सांगितलं की केंद्र ठरवतं तो किमान दर, राज्यानं त्याच्या वरचा दर ठरवला तर दोघांत विसंगती नाही. ही दोन प्रकरणं शेजारी शेजारी ठेवून वाचा. केंद्रानं ओट्याची उंची ठरवली. राज्याला ओट्यावर आणखी एक पायरी चढवता येते, ओटा खणता येत नाही. आपल्याकडं राज्यानं पायरी चढवल्याचं काही दिसत नाही, खणायला मात्र फावडं घेतलं होतं. ज्यांना एकरकमीसाठी लढायचंय त्यांनी हा निकाल मागवून घ्यावा, साखर सहसंचालकांच्या टेबलावर तो मोर्चापेक्षा जड पडतो.

२०२० च्या तीन कृषी कायद्यांवर इथं पूर्वी भरपूर वादावादी झालेली आहे, ती परत काढत नाही. मला त्यात एकच गोष्ट सांगायची आहे. बाजार हा राज्य सूचीतला विषय, नोंद २८. केंद्रानं ते कायदे केले नोंद ३३ चा आधार घेऊन, की हा अन्नधान्याच्या व्यापाराचा विषय आहे. बरोबर का चूक? सर्वोच्च न्यायालयानं १२ जानेवारी २०२१ ला अंमलबजावणी थांबवली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर संसदेनं कायदेच मागं घेतले, त्यामुळं या प्रश्नाचा निकाल कधी लागलाच नाही. सामाईक विहिरीचा फेर अजून व्हायचाय. त्याआधी २००३ ला आणि २०१७ ला केंद्रानं बाजार समितीचे नमुना कायदे करून राज्यांकडं पाठवले होते, ज्यांना पाहिजे त्यांनी घ्या म्हणून. नमुना पाठवायचा म्हणजे शेत दुसऱ्याचं आहे हे मान्य करायचं. महाराष्ट्रानं २०१६ ला स्वतःच फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला, दिल्लीच्या कायद्याची वाट पाहिली नाही. चांगलं-वाईट काय झालं ते आपापल्या अनुभवानं बोला, पण भांडायला मंत्रालय जवळ होतं, त्यात दुरुस्त्या मागता आल्या. आणि गंमत अशी की त्या तीनपैकी एका कायद्यानं कांद्यावरची साठा मर्यादा सैल केली होती, भाव दुप्पट झाल्याशिवाय लावायची नाही म्हणून. त्याच वर्षी सप्टेंबरात निर्यातबंदी आली आणि ऑक्टोबरात दुप्पट भावाच्या अटीवर बोट ठेवून साठा मर्यादाही आली. व्यापार मोकळा करायचा अध्यादेश आणि बंदी, दोन्ही एकाच खरीपात!

रानडुकरांचं थोडक्यात. वन्यप्राणी हा मुळात राज्याचा विषय होता, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं तो समवर्ती सूचीत गेला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ६२ खाली एखाद्या भागात ठराविक मुदतीसाठी रानडुक्कर उपद्रवी जाहीर करायचा अधिकार केंद्राचा. २०१५-१६ मध्ये बिहार आणि उत्तराखंडला तसं जाहीर झालं होतं. पण उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकराला मारायची परवानगी कलम ११ खाली राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यानं नेमलेला अधिकारी देऊ शकतो. म्हणजे दोन दारं आहेत. आपल्याकडं कोणी विचारलं की सांगतात, "ते केंद्राचंय." पूर्ण खरं नाही. नुकसानभरपाई तर सरळ राज्याची, वनरक्षकाचा पंचनामा पाहिजे, तक्रार लगेच टाका, मका आडवी पडल्याला आठ दिवस झाल्यावर नको.

अतिवृष्टीचंही असंच दोन मजली. राज्य आपत्ती निधीत आपल्यासारख्या राज्यासाठी ७५ टक्के केंद्राचे आणि २५ राज्याचे. निकष केंद्राचे. २०२२-२३ ते २०२५-२६ साठी कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकाला २२,५००, तेही २ हेक्टरपर्यंत. राज्याला जास्त द्यायचं तर स्वतःच्या खिशातून. मध्यंतरी राज्यानं १३,६००, २७,००० आणि ३६,००० असे दर ३ हेक्टरपर्यंत दिलेले आहेत. म्हणून अनुदान वाढवा अशी मागणी करताना सरळ विचारावं, निकष वाढवायचे म्हणता का वरची भर वाढवायची म्हणता? पहिलं दिल्लीला, दुसरं मुंबईला. कोणत्या मजल्यावर हाक मारायची ते कळलं नाही की आवाज जिन्यातच घुमत राहतो.

पीक विम्यात तर कंपनी धरून तीन जण आहेत. हप्त्यात शेतकऱ्याचे खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड, नगदी पिकाला ५, बाकीचं केंद्र आणि राज्य निम्मं निम्मं, त्यातही २०२० पासून केंद्रानं आपल्या वाट्याला मर्यादा घातली. २०२३ च्या खरिपापासून राज्यानं शेतकऱ्याचा वाटा स्वतः भरला आणि आपण एक रुपया भरला. २०२५ च्या खरिपाला ते बंद झालं, आणि त्याबरोबर स्थानिक आपत्तीचे, काढणीनंतरच्या नुकसानीचे जादा निकषही निघाले, राहिलं ते पीक कापणी प्रयोगावरचं. यात केंद्राचा दोष नाही, कोणते जादा धोके घ्यायचे हे राज्य ठरवतं. ७२ तासांत तक्रार करायची ती जुनी सवय आता कामाची नाही, मंडळातला कापणी प्रयोग कोणत्या गटात होतोय तिथं जाऊन उभं राहणं कामाचं.

वीज समवर्ती यादीत आहे, दर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो, आणि दिवसा का रात्री हा प्रश्न राज्याच्या कंपनीचा. खताचा आदेश १९८५ चा, केंद्राचा, पण परवाना आणि नमुने काढणं राज्याच्या कृषी खात्याचं, म्हणून लिंकिंगची तक्रार जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्याकडं, लेखी, पावतीच्या झेरॉक्ससह. कर्जमाफी दोघांनीही केलेली आहे, २००८ ला केंद्रानं, २०१७ आणि २०१९ ला राज्यानं. त्यावर स्वतंत्र लिहीन, विषय मोठा आहे.

कृषी शास्त्रज्ञ मंडळी इथं वाचतात म्हणून एक सांगतो. संशोधनात ही वाटणी मला कधी खुपली नाही. राहुरीचं विद्यापीठ राज्याचं, राजगुरुनगरची कांदा-लसूण संशोधन संस्था केंद्राची. माझ्या गादीवाफ्यावर फुले समर्थ आणि भीमा सुपर शेजारी शेजारी उगवलेत, एक राज्याचं आणि एक केंद्राचं. दोघांनाही एकच मर लागते आणि एकच बुरशीनाशक चालतं. या दोन संस्थांच्या शिफारशीत रोपाचं वय, लागवडीचं अंतर यात थोडा फरक असतो, तो एकत्र बसून मिटवला तर आमची सोय होईल.

पोरांना मी निवेदनाचे चार कागद करायला सांगितलेत. कांदा आणि आपत्तीचे निकष खासदारांमार्फत दिल्लीला, कारण संसदेत लेखी प्रश्न विचारला की मंत्रालयाला उत्तर द्यावं लागतं आणि ते छापलं जातं. विमा, वीज, कर्ज आमदारांमार्फत मुंबईला. ऊस साखर आयुक्तांना, निकालाची प्रत जोडून. लिंकिंग, डुकरं आणि रस्ता इथंच, तालुक्या-जिल्ह्याला, पण प्रत्येक खात्याला वेगळा अर्ज आणि वेगळी पोच.

आणि लाल कांद्याची ई-पीक पाहणी ज्यांची राहिली असेल त्यांनी मुदत बघून करून घ्या. फोटो वाफ्यात उभं राहूनच काढा. बांधावरून काढला की गट नंबर शेजारच्याचा दाखवतो, आमच्या शिवारात दोघांचं तसं झालंय आणि दुरुस्तीचा अर्ज तलाठ्याकडं पडून आहे.